कोळंबीचं गणित
विज्ञानात कुठलीच चूक वाया जात नाही, असं म्हणतात. परवा कपाट आवरताना शाळेतल्या जुन्या लॉगटेबलच्या पुस्तकाचा वास आला आणि नव्वदच्या सुमारास डोंबिवलीत ऐकलेलं केऑस थिअरीवरचं, म्हणजे इवल्याशा फरकातून उडणाऱ्या मोठ्या गोंधळाच्या शास्त्रावरचं व्याख्यान आठवलं. अमेरिकेतल्या एका हवामानतज्ज्ञाने आकड्यातले शेवटचे तीन अंक गाळले, तर संगणकाने भलतंच हवामान दाखवलं, आणि त्यातून नवं शास्त्र निघालं, असं वक्ते सांगत होते. शेजारी बसलेले माझे गणिताचे निवृत्त सर पुटपुटले, "अरे, खाडीतल्या कोळंबीच्या पैदाशीचं गणित करताना माझंही असंच झालेलं. मला वाटलं, माझीच आकडेमोड चुकते." "वह्या आहेत, सर?" "रद्दीत दिल्या रे. चुकीचं कशाला ठेवायचं?" मी तेव्हा उठून बोलायला हवं होतं, हे आता कळतं. शेवटी अध्यक्षांनी सरांचे जाहीर आभार मानले, खुर्च्या मांडल्याबद्दल.