पाच किलो उडदाचे पापड

आमच्या अमडापुरात कुणाला साधी ठेच लागली तरी माझी चुलतसासू द्रौपदाबाई गळा काढते. म्हणून माझ्या सासूच्या, गुंफाबाईच्या, छातीतली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा तिने मलाच दम दिला. "काजल, तोंड उघडशीन तं याद राख. मी सांगीन."

आणि सांगायच्या ऐवजी बाईने पापड काढले! दरवर्षी दोन किलोचे, यंदा पाच. जावा-नणंदा बोलावल्या, पीठ कुटलं, लाट्या केल्या. एकदा लाट्या झाल्या की उठायची सोय नसते, त्या वाळतात. सगळ्यांची लाटणी फिरायला लागल्यावर ती म्हणाली,

"मले कॅन्सर झाला. सोमवारी अकोल्याले ऑपरेशन हाये. हात थांबवू नका."

द्रौपदाबाईने गळा काढलाच.

"रड, पण तिकडं तोंड करून. पापडावर टिपूस नाही पडला पाहिजे."

"आधी काऊन नाही सांगतलं वं?"

"मंग तू पापड लाटले असते काय?"

रडता रडता बायका हसल्या, पण लाटणं कुणाचंच थांबलं नाही. मी चिडून विचारलं, "पण पाच किलो कशाले?"

"उद्यापासून सारं गाव भेटायले येईन. चहासोबत काय ठेवशीन, माझा रिपोर्ट?"

संध्याकाळी पोळपाट उचलायला गेले. प्रत्येकीने पन्नास-साठ पापड लाटले होते. सासूच्या पोळपाटावर एकच होता. दिवसभर तोच लाटत बसली होती. इतका पातळ, की खालच्या लाकडाची रेघ न् रेघ दिसत होती.