लिनक्सचं गाऱ्हाणं

गेल्या महिन्यात एका सकाळी शिरोड्यातल्या माझ्या सायबर कॅफेत देवाला गाऱ्हाणं घातलं... लिनक्ससाठी. हसायचं तर खुशाल हसा.

कॅफे म्हणजे आमच्या घराची पुढची खोली आणि चार जुने कॉम्प्युटर. नवरा जहाजावर असतो, कॅफे मी चालवते. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून सारखा व्हायरस यायचा आणि सगळं बंद पडायचं. दिरांना ती खोली मोबाईलच्या दुकानाला भाड्याने द्यायचीच होती. गणपतीपर्यंत नीट चालव, नाहीतर खोली सोड, असं आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सांगून टाकलं.

मग विंडोज काढून लिनक्स घालायचं ठरवलं; ते फुकट मिळतं आणि विंडोजचे व्हायरस त्याला लागत नाहीत. मासिकांबरोबर आलेल्या सीड्या बाहेर काढल्या... फेडोरा, सुसे, कुबुंटू, सगळे लिनक्सचेच प्रकार. प्रत्येकाचे भक्त नेटवर एकमेकांच्या उरावर बसलेले! मी कुबुंटू घेतलं, कारण त्यातला केडीई डेस्कटॉप हुबेहूब विंडोजसारखा सजवता येतो. निळी पट्टी, कोपऱ्यात बटण, मागे हिरवं कुरण. कुणाला काही सांगितलंच नाही.

तिथेच घोळ झाला. दिसायला विंडोज, पण ओळखीचं काही सापडेना... लोकांना वाटलं, मशीन बिघडलं. दुबईतल्या मुलाशी चॅट करायला येणाऱ्या एक काकी तर म्हणाल्या, "गो बाय, तुझे काँप्युटर पिसाळले." दीर गालातल्या गालात हसत होते.

माझं डोकंच फिरलं. अरे, चोरीची सीडी होती ती आधीची, विंडोजची! हे तर हक्काचं, आणि मी हेच लपवत बसले होते?

सगळं पुसलं. कुबुंटूचंच भावंड उबुंटू घातलं, ग्नोम डेस्कटॉपवालं. एक पट्टी वर, एक खाली, रंग मातकट. विंडोजशी काडीचंही साम्य नाही.

नवीन काही सुरू करायचं तर आमच्याकडे आधी गाऱ्हाणं, सगळ्यांसमोर देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. आबा नारळ घेऊन आले आणि नक्की काय घातलंस ते सांग म्हणाले, देवासमोर लपवून चालत नाही. मी सगळं सांगितलं. दारात गिऱ्हाइकं उभी होती, बाजूला दीर.

आबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, माझ्या सुनेन ह्या काँप्युटरात लिनक्स घातल्यान हा. ता विंडोज न्हय, आणि तसा दिसाचाय नाय. कोण तेच्याकडे वाकड्या नजरेन बघित आसात, तर तेची नजर सरळ कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला जो उभा असेल त्याला होकार द्यावाच लागतो. सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा." दीरसुद्धा!

खोलीचा विषय तिथेच संपला. देवासमोर दिलेला शब्द आमच्या घरात कुणी फिरवत नाही. आणि काकी आता मशीन बिघडलं म्हणत नाहीत, चॅट खंय आसा ता दाखव म्हणतात.

केडीई चांगलं की ग्नोम, हा वाद घालायला कुणी या पोस्टखाली येऊ नका. आबांना दोन्हींतलं काहीच ठाऊक नाही... पण सगळ्यांसमोर ते 'माझ्या सुनेन' म्हणाले. त्यानंतर मला आणखी कुणाच्या शिफारशीची गरज नाही.