कोऱ्या भिंतीवरची अक्षरं

मी शाळेत नर्स होते. एकदा डोळे तपासताना दुसरीतली मीरा पुढे आली, तेवढ्यात अक्षरांचा तक्ता खिळ्यावरून निसटून माझ्या हातात आला. मीरा मात्र कोऱ्या भिंतीकडे बघत वाचू लागली, "क, म, ट, र..." एकही अक्षर चुकलं नाही.

"मीरा, तक्ता कुठंय गं?"

"समोर आहे ना, बाई."

आधीच्या मुलींचं ऐकून तिने सगळं पाठ केलं होतं. आईला बोलावलं, तर ती म्हणाली, "घरात कधी ठेचकाळतसुद्धा नाही हो."

चष्मा लागल्यावर मीरा माझ्याकडे एकटक बघत राहिली. "बाई, तुम्ही अशा दिसता होय?"

त्याआधी वर्षभर ती रोज माझ्याकडे बघून हसायची. तिला कोण दिसत होतं, कोण जाणे.