उन्हातला मोबाईल आणि माझा टॉवेल

आमच्या दमणकडच्या अथालच्या कंपनीत मोबाईल आत न्यायला बंदी. सकाळी गेटवर जमा करायचा, जेवणाच्या सुट्टीत परत घ्यायचा. मग सगळे गेटबाहेरच्या कट्ट्यावर, रणरणत्या उन्हात, स्क्रीनमध्ये नाक खुपसून बसतात. अशा जागी किस्से साठणार नाहीत तर काय! पण आमचे किस्से असे, की सांगताना हसू येतं आणि मागाहून मान खाली जाते.

पहिला मान स्टोअरमधल्या नरेशभाईचा. नवा मोबाईल आणला, कट्ट्यावर क्रिकेट लावलं. बॉल दिसेना, बॅट्समन दिसेना. दिसला तो फक्त नरेशभाईचा स्वतःचा चेहरा!

रविवारी भर दुपारी तो आमलीच्या बाजारात, मोबाईलच्या दुकानात भांडायला गेला. दुकानात चित्र चकचकीत, फुटपाथवर आणलं की काळं. शेवटी दुकानदार बाहेर आला आणि स्क्रीनवर हाताचा आडोसा धरून, आता दिसतंय का म्हणून विचारू लागला, "हवे देखाय छे?"

"देखाय छे," नरेशभाई म्हणाला, "तो आ हाथ पण साथे आपो!"

मोबाईलसोबत दुकानदाराचा हातही मागणारं गिऱ्हाईक! मी पोट धरून हसलो. मग माझीही पाळी आली.

दमणला फिरायला गेलो तेव्हा एक भारी गॉगल घेतला होता. तो घालून कट्ट्यावर बसलो, व्हिडिओ बघायला मोबाईल आडवा केला, तर स्क्रीन ठार काळी! उभा धरला की दिसतो, आडवा केला की गायब. मोबाईल मेव्हण्याने दिलेला. त्याला तिथूनच फोन लावून झापलं, "असलं डबडं गळ्यात मारलंस!"

तो शांतपणे म्हणाला, "दाजी, गॉगल घातलाय का?"

"नाही," मी म्हणालो, आणि गॉगल काढून खिशात घातला.

उन्हावर उपाय काढला बापूने. बापू धुळ्याकडचा, माझा रूम पार्टनर. एके दिवशी त्याने माझा टॉवेल घेतला आणि आम्हा तिघांच्या डोक्यावरून पांघरला. आत अंधार, चित्र झकास! नरेशभाईच्या भावाने व्हिडिओ पाठवला होता, तो आम्ही डोक्याला डोकं लावून बघत होतो. समोर पॅकिंगच्या बाया डबा खात होत्या.

तेवढ्यात सिक्युरिटीवाल्याने टॉवेल खेचला. "शर्म नहीं आती? सामने लेडीज बैठी हैं!"

स्क्रीनवर विकायला काढलेली म्हैस होती. त्याने ती जरा वेळ निरखली आणि विचारलं, "दूध कितना देती है?"

बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. तेव्हापासून आमचं नाव टॉवेल गँग! तोंड दाखवायची लाज वाटू लागली. टॉवेल पुन्हा कुणी डोक्यावर घेतला नाही.

मग बापूच्या मुलीचं गॅदरिंग आलं. बापूला रजा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी भाड्याचा ड्रेस परत द्यायच्या आधी वहिनींनी तिला घरीच नाचवलं आणि जेवणाच्या सुट्टीत बापूला व्हिडिओ पाठवला.

कट्ट्यावर तो आम्हाला काळाकुट्ट दिसला. बापूने फोन लावला. "अंधारामा काढेल शे का? आंगनमा काढ!"

"आंगनमाच काढेल शे," वहिनी म्हणाल्या.

दुसरा आला. तोही तसाच. "मोबाईल नीट धरता येत नही का तुले?" बापू सगळ्यांदेखत ओरडला. आम्हीही मान डोलावली, "वहिनींचा कॅमेराच खराब दिसतो." मग तिसरा आला, चौथा आला. पोरगी नाचत होती आणि आम्ही नावं ठेवत होतो. टॉवेल माझ्या खांद्यावर होता. समोर पॅकिंगच्या बाया बसल्या होत्या, म्हणून मी तो तिथेच राहू दिला. आजही त्याची लाज वाटते.

संध्याकाळी खोलीवर बापूने ते व्हिडिओ पुन्हा लावले. सगळे स्वच्छ. ड्रेसवरची टिकली न् टिकली दिसत होती. पहिल्यात पोरगी हसत होती. तिसऱ्यात तिचं काजळ घामाने ओघळलं होतं. शेवटच्यात ती मध्येच थांबली आणि आईला म्हणाली, "मम्मी, आते तरी दिसनं का पप्पासले?"

बापूने दोरीवरचा टॉवेल ओढला आणि डोक्यावर घेतला. मोबाईल बाहेरच राहिला, चालूच.