नानांच्या लार्चच्या फळ्या

नाना कुणाच्याही घरी गेले की बेल दाबण्याआधी कुंपणावर दोन बोटांनी टकटक करायचे. छातीचे डॉक्टर म्हणून जन्म काढलेला माणूस. पेशंटसारखंच लाकूड तपासायचा. "पाइन आहे. पाच वर्षांत कुजेल. लार्च घ्यायचात ना!" हे यजमानांना सुनावूनच आत यायचे. ऐंशीच्या दशकात मी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी इंग्लंडमधल्या मेडनहेडला आलो, तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते. आमची कुंपणं एकमेकांना लागून होती.

लार्चचं त्यांना भारी कौतुक. "ब्यूटिफुल वुड! पाण्यात ठेव, पावसात ठेव, तक्रार नाही. फक्त ड्रिल न करता खिळा ठोकलास की चिरतो." उरलेले तुकडे ते बंद दाराच्या स्टोव्हमध्येच जाळत. "ऊब झकास, पण उघड्यावर ठिणग्या उडवतो. कार्पेटची चाळण होते." शेडमागे ताडपत्रीखाली त्यांची लार्चची थप्पी असे. "इंचाला एक वर्ष वाळवायचं. घाई केली की वाकतो," हे तर मी शंभरदा ऐकलं होतं.

पण कानात शिरलं नव्हतं. एका वर्षी माझ्या बागेत होळी करायचं ठरलं. होळीला शेजाऱ्याची लाकडं पळवायचीच, म्हणून नाना त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, चेकअपला घेऊन गेल्याचं बघून मी कुंपण ओलांडलं. ताडपत्रीखाली लांब, तांबूस फळ्या होत्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा. ही स्टोव्हची लाकडं नव्हेत, हे मला कळत होतं. तरी करवत चालवली, कारण गंमत करायची होती.

संध्याकाळी नाना नारळ घेऊन आले. होळी तडतडली, ठिणग्या लॉनभर उडाल्या आणि नाना जागीच थांबले. "लार्च आहे," ते म्हणाले. "मुलांना मागे घ्या." नारळ आगीत टाकला आणि पुरणपोळी न खाताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी सॉरी म्हणायला गेलो, स्टोव्हची लाकडं समजून चुकून कापली म्हणालो. "अरे, होळीची चोरी. मालवणात मीही केलीय," एवढं म्हणून त्यांनी दार लावलं. मी सुटलो असं समजलो. मग माझ्या बायकोकडून कळलं की त्या फळ्या होडीच्या होत्या. काकूंचा आजार वाढत होता, आणि जूनमध्ये स्वतः बांधलेल्या होडीतून त्यांना थेम्सवर फिरवायचं नानांनी कबूल केलं होतं.

मी भाड्याच्या बोटीचं सुचवलं, तर काकू हसून म्हणाल्या, "नाही रे, ह्यांच्याच होडीत बसेन." नानांनी नवा लार्च आणला. तो ओला होता, वाळायला वर्ष हवं होतं. जून तसाच गेला. काकू ऑक्टोबरात गेल्या. मला शरमेने त्यांच्या घरी बसवेना, आणि न जाताही राहवेना.

होडी पुढच्या उन्हाळ्यात झाली. नानांनी फोन करून मला नदीवर बोलावलं. तिथे मात्र मी बोललो, "नाना, ती चूक नव्हती. मी जाणूनबुजून कापल्या."

"ठाऊक आहे," नाना म्हणाले. "राग आहे मला, आणि तो जायचा नाही. पण एकट्याला ही पाण्यात ढकलता येत नाही. धर तिकडून."

होडी पाण्यात गेली. नाना वल्ही घेऊन बसले. त्यांच्यासमोर एकच बैठक होती, काकूंसाठी केलेली. मला तिथेच बसावं लागलं.