रफिकच्या अम्मीची एकच मागणी

आमच्या निपाणीच्या हौशी नाटक ग्रुपमधला माणूस सिरीयलच्या शूटिंगला कर्नाटकाच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरला गेला, की हात हलवत परत येत न्हाय. रोल कापला गेला तरी किस्सा मिळतोच!

रफिक हायस्कूलला मराठी शिकवतो. पहिल्याच सिरीयलला त्याला लुंगी नेसवली, डोळ्यांत सुरमा घातला, गळ्यात ताईत. डायलॉग ऐकून डायरेक्टर म्हणाला, "सर, मराठी जरा बिघडवा ना! मुसलमान वाटत नाही तुम्ही."

रफिक म्हणतो, "निम्मं आयुष्य पोरांच्या चुका सुधारण्यात गेलं, आता त्याच चुका पाठ करतोय!"

त्या सिरीयलमध्ये त्याला पोलिसांनी नेलं. पुढच्या सिरीयलमध्येही नेलं. अम्मी आमच्यासमोरच म्हणाली, "एकदा तरी बेड्यांबिगर दिस की रं! सगळी गल्ली बघती." म्हणाली हसतच, पण डोळं भरलं होतं. आम्हाला लई वाईट वाटलं.

*

आमचे बाहुबली अण्णा जैन, तंबाखूचे शेतकरी. त्यांना शेठजी केलं आणि गुजराती ढंगात बोलायला लावलं.

"साहेब, आमच्या घरात मराठी आन् कन्नड!"

"मग जैन आहात हे कळणार कसं?"

कळावं म्हणून सीन काय दिला? दिवस मावळल्यावर शेठजी बटाट्याची भाजी चापतोय! अण्णा सूर्यास्तानंतर जेवत न्हाईत आणि बटाट्याला तर हातच लावत न्हाईत. त्यांनी रिकामं तोंड हलवलं. डायरेक्टर खूश, "काय नॅचरल खाता हो!"

*

माझं विचाराल, तर मी कायमचा गुंड. मराठी सिरीयलमध्ये कानडी गुंड, बेळगावात कन्नड सिरीयलमध्ये मराठी गुंड. शर्ट तोच!

*

सुजाता कांबळे बँकेत मॅनेजर. तिला वस्तीतली बाई केली. "रडा मॅडम, हिरॉईन तुम्हाला वाचवायला येतेय."

हिरॉईनचा मेकअप काय संपेना. सुजाता उठलीच, "ती येईस्तोवर माझं प्रमोशन झालं असतं ओ!"

*

आणि एक दिवस रफिकला मास्तरचा रोल मिळाला! साधा शर्ट-पँट, शुद्ध मराठी. पात्राचं नाव तेवढं कुलकर्णी सर.

रफिकनं विचारलं, "नाव रफिक ठेवलं तर?"

"नको हो! प्रेक्षक अख्खा एपिसोड पोलिसांची वाट बघत बसतील."

एपिसोड लागला त्या दिवशी आम्ही सगळे त्याच्या घरी. अम्मीनं शिरखुर्मा केलता, गल्लीतल्या बायका बोलावल्या होत्या. पडद्यावर पोरं पाया पडत होती, "कुलकर्णी सर, कुलकर्णी सर!" शेवटपर्यंत पोलीस आले न्हाईत. आम्ही टाळ्या पिटल्या.

अम्मीनं काय टाळी वाजवली न्हाय. रफिकला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग रं बाळा, असलं काय करून आलायस, की नाव बदलून ऱ्हायलायस?"