बिनवयाचं बोट

संशोधन केंद्राच्या यंत्रशाळेतल्या त्या बाईंना सगळे पकड म्हणत. एक तर पकड कायम तिच्या खिशात असे, आणि दुसरं म्हणजे एखादी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली की ती काही केल्या सुटत नसे. तेवीस वर्षं ती त्या इमारतीतली यंत्रं दुरुस्त करत होती. पदार्थविज्ञानवाल्यांचे पंप, संगणकवाल्यांचे धुळीने गुदमरलेले पंखे, मानसशास्त्रवाल्यांची बटणं. तिन्ही विभागांचे प्राध्यापक एकमेकांशी धड बोलत नसत, पण काही बिघडलं की तिघेही तिच्याच दाराशी येऊन उभे राहत. ती आधी दोन शब्द सुनवायची, मग दुरुस्त करून द्यायची.

त्या वर्षी मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचा एक शोध गाजत होता. माणूस साठी ओलांडतो तशी त्याची प्रतिक्रिया किती मंदावते, याचा. चाचणी सोपी होती. पडद्यावर हिरवा ठिपका दिसला की बटण दाबायचं, किती वेळ लागला ते संगणक मोजणार. तरुणांची चाचणी वरच्या मजल्यावर होई, वयस्करांची तळमजल्यावर, कारण त्यांना जिना चढायला लावणं बरं दिसत नव्हतं. वयस्कर माणसं कमी पडत होती, म्हणून पकडीने स्वतःच्या आईलाही नेऊन बसवलं.

आई अडुसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं ती लोकांना मोटार चालवायला शिकवत होती. चाचणी झाल्यावर प्रत्येकाला आभाराबरोबर एक चिठ्ठी मिळे. आईच्या चिठ्ठीवर होतं : ‘प्रतिक्रियेचा वेग मंद. वाहन चालवताना सावध राहावे.’

आईने चिठ्ठी दोनदा वाचली आणि पर्समध्ये ठेवली. आठवड्याभरात शिकवणं बंद केलं, दोन महिन्यांत गाडी विकून टाकली.

“अगं, काय घाई होती?” पकड म्हणाली.

“शेजारी कुणाची तरी लेकरं बसतात. माझा पाय ब्रेकवर उशिरा पडला तर?”

पकडीला वाईट वाटलं, पण ती गप्प बसली. एवढी शिकलेली माणसं सांगतायत म्हणजे खरंच असणार, असं तिलाही वाटलं. या गप्प बसण्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

सहा महिन्यांनी तळमजल्यावरच्या कीबोर्डचं एक बटण अडकलं. पकडीने ते मोकळं केलं आणि नीट चालतंय का बघायला स्वतःच चाचणी देऊन पाहिली. पडद्यावर आकडा आला आणि ती चमकली. महिन्यापूर्वीच वरच्या खोलीतलं बटण बदलताना तिने हीच चाचणी दिली होती, तेव्हा ती चांगली चपळ ठरली होती. एका महिन्यात ती म्हातारी झाली होती की काय? तिने पुन्हा दिली. दहा वेळा दिली. आकडा काही हलेना.

कामाने वाकून गेलेली, प्राध्यापकांची संशोधक विद्यार्थिनी कोपऱ्यात बसली होती. चार वर्षं तिने याच आकड्यांवर घालवली होती आणि चार महिन्यांनी प्रबंध द्यायचा होता.

“हा कीबोर्ड बिनतारी का आहे गं? वर तर तार आहे,” पकडीने विचारलं.

“सरांनीच आणला, ताई. वायरींत म्हाताऱ्यांचे पाय अडकतील म्हणाले.”

पकड तरातरा यंत्रशाळेत गेली. प्रकाश ओळखणारा छोटा तुकडा आणि चुंबकाने खाली आपटणारी एक पितळी दांडी तिने जोडली. ठिपका उमटला की दांडी बटण दाबणार, दर वेळी अगदी तितक्याच वेळात. असं हे बोट तिने आधी वर लावलं, मग खाली. खाली प्रत्येक वेळी सेकंदाचा चौदावा भाग जास्त लागला; बटण दाबल्याची खबर बिनतारी कीबोर्ड संगणकाला उशिरा पोचवत होता. तरुण आणि वयस्करांत प्राध्यापकांना जो फरक सापडला होता, तो जवळजवळ तेवढाच होता.

विद्यार्थिनी आकड्यांकडे बघत राहिली.

पकडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच, ॲप्रन न काढता, प्राध्यापकांच्या खोलीत शिरली आणि बोट त्यांच्या टेबलावर आपटलं.

“सर, हे पितळेचं आहे. याला वय नाही. तुमच्या तळमजल्यावर गेलं की हेसुद्धा म्हातारं होतं!”

प्राध्यापकांनी चष्मा काढला. “बाई, तुमचं काम स्क्रू घट्ट करायचं. अर्थ लावायचं काम आमच्याकडे राहू द्या.”

“अर्थ? माझ्या आईने गाडी विकली तुमच्या अर्थापायी!”

“आम्ही कुणाला गाडी विका म्हटलेलं नाही. आणि उपकरणात दोष असेलच, तर ते बसवलं यंत्रशाळेने. तसं लिहावं लागेल.”

म्हणजे खापर तिच्याच माथ्यावर!

संचालकांसमोर बैठक झाली, तेव्हा प्राध्यापकांनी तेच शांत सुरात मांडलं. पकड उठून बोलणार, एवढ्यात विद्यार्थिनी उभी राहिली. म्हणाली, “कीबोर्ड सरांनी आणला. लावला मी. वेळ तपासून घेऊ का, असं विचारलं होतं. सर म्हणाले, त्यात आठवडा घालवू नकोस.”

त्यानंतर सगळ्यांची चाचणी एकाच यंत्रावर पुन्हा घेतली गेली. फरक उरला तो अगदी किरकोळ. छापलेला लेख मागे घ्यावा लागला. विद्यार्थिनीचं दीड वर्ष गेलं. प्राध्यापकांचं काहीच गेलं नाही, उलट ‘विज्ञान स्वतःची चूक कशी सुधारतं’ यावर त्यांनी एक व्याख्यान ठोकलं. पकड मागच्या रांगेत दात-ओठ खात बसली होती.

पण चिठ्ठ्या? एकशे शेहेचाळीस माणसांच्या घरी त्या तशाच पडून होत्या; नव्या चाचणीचा निकाल कुणालाच कळवला नव्हता. संचालक म्हणाले, “आता कळवलं तर उगाच गोंधळ होईल.”

“गोंधळ तुम्ही घातलाय, त्यांनी नाही,” पकड म्हणाली. “पत्रं गेली नाहीत, तर उद्यापासून मी दारोदार फिरेन. पत्ते आहेत माझ्याकडे.”

ती फिरली असती, हे संचालकांना ठाऊक होतं. पत्रं निघाली. प्राध्यापक म्हणाले, सही छापून घ्या.

“हाताने करायची,” पकड म्हणाली आणि गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. ते सह्या करत होते तोवर ती टेबलाशी उभी होती. पाणीसुद्धा विचारलं नाही.

आईने तिचं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. नव्या चाचणीत तिचा वेग कित्येक तरुणांपेक्षा बरा निघाला होता.

“म्हणजे मी ठीक होते?”

“ठीक होतीस, आई.”

आईने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, “गेलं वर्षभर मी रस्ता ओलांडताना अनोळखी माणसांचा हात धरतेय. भीती वाटते म्हणून. ती भीती मागे घेणारा कागद आहे का त्या प्राध्यापकाकडे?”

आईने गाडी पुन्हा घेतली नाही. लेकीने दोनदा आग्रह केला, दोन्ही वेळा ती संतापली.

यंत्रशाळेच्या दारावर आता एक सूचना आहे : वेळ मोजणारं कुठलंही यंत्र तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही, प्राध्यापकाचं असलं तरी. दर वर्षी नवे विद्यार्थी येतात, ती वाचतात आणि ताई एवढ्या का चिडलेल्या असतात म्हणून विचारतात. पकड त्यांना हातातलं काम न थांबवता सगळं सांगते, आणि सांगताना तिचा आवाज आजही चढतो.